कोंबड्यांची लस

आमच्या घरात माझ्या इन्शुलिनला 'कोंबड्यांची लस' म्हणत. म्हणजे दाराबाहेर तसं म्हणत. दाराच्या आत त्याला काहीच म्हणत नसत. 'ते आणलं का', 'ते झालं का', 'ते ठेवून ये' एवढंच. ज्या बाटलीवर मी जिवंत होते तिचं नाव घ्यायला घरातल्या एकाही माणसाची जीभ वळत नव्हती.

आज जामखेडच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. जुन्या पितळेची मोड घ्यायची आणि नवी भांडी द्यायची, हा धंदा. गिऱ्हाईक फडक्यात गुंडाळून हंडा आणतं, 'अस्सल हाय बाई, आमच्या सासूचा हाय' म्हणतं, आणि मी बुडाला बोट लावून सांगते की इथलं भोक बुजवलेलं आहे. लोक म्हणतात, बाई फार कडक, हिच्यापुढे खोटं चालत नाही. कसं चालेल? मी वाढलेच खोट्याच्या घरात. खोट्याचा आवाज मला वाजवून न बघता कळतो.

मी आठवीत असताना महिन्याभरात वाळून काडी झाले. तांब्याने पाणी प्यायचे आणि परत घशाला कोरड. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. तिने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका आला नाही म्हणून नजर नक्की केली. शेवटी शाळेत चक्कर येऊन पडले, तेव्हा एसटीने नगरला नेलं.

नगरचे डॉक्टर सरळ माणूस होते. ते म्हणाले, "हिच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही. सकाळ-संध्याकाळ टोचावं लागेल. कायम."

अण्णा, माझे वडील, तालुक्याच्या कचेरीत कारकून. त्यांनी विचारलं, "कायम म्हणजे लग्नापर्यंत का?"

"कायम म्हणजे कायम."

"तसं न्हाई साहेब, लग्नानंतर तिच्या सासरचे बघतील ना."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी खाटेवर पडून ऐकत होते. माझ्या हाताला सलाईन होतं आणि माझा बाप मला रोगासकट दुसऱ्याच्या नावावर कशी करायची ते बघत होता.

निघताना डॉक्टरांनी बाटली कुठे ठेवायची ते सांगितलं. गार ठेवा, पण गोठवू नका. फ्रीज नसेल तर नवा माठ घ्या, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा, आत डब्यात बाटली ठेवा, सावलीत राहू द्या. इतकं सोपं. अण्णांनी मान डोलावली. जिना उतरल्याबरोबर आईला म्हणाले, "आपल्याकडं फ्रीज न्हाई हे त्याला कसं कळलं? तोंडावर लिहिलंय का आपल्या?"

तेव्हापासून माठ आमच्या घरात अपमानाची वस्तू झाला. शिवाय आत्याचं म्हणणं, माठ उघडून बघायची बायकांना खोड असते, कोणीतरी झाकण काढेल आणि पोरीचं वाटोळं होईल. म्हणून बाटली घराबाहेर, फ्रीजमध्येच ठेवायची असं ठरलं. आमच्या गल्लीत फ्रीज एकाच घरी होता, शेजारच्या काकूंकडे. त्यांच्या मालकांची जीप नगरच्या रस्त्यावर प्रवासी वाहायची, त्यामुळे घरात चार वस्तू होत्या. पण काकूंना खरं सांगायचं तर गल्लीला सांगितल्यासारखं. मग अण्णांनी डोकं चालवलं. कोंबड्यांची लस आहे म्हणून सांगा.

आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. खोट्याला टेकू म्हणून अण्णांनी बाजारातून पाटीभर कोंबड्या आणल्या आणि मागच्या अंगणात सोडल्या. मुलीच्या औषधासाठी माठ आणायला लाज वाटलेल्या माणसाने खोट्यासाठी कोंबड्या आणल्या, त्यांना खुराडं बांधलं, वर पत्रा घातला. त्या खुराड्यावर जितकं लक्ष गेलं तितकं माझ्यावर गेलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

आई रोज सकाळी आणि संध्याकाळी पदराखाली बाटली घेऊन ये-जा करायची. काकू हसायच्या. "वहिनी, दोन टाईम लस? कोंबड्या हायत का तालमीतले पैलवान?"

आई म्हणायची, "जात नाजूक हाय त्यांची."

"आमच्या भावाची पोल्ट्री हाय, तिथं बी एवढं लाड न्हाईत हो. एखादं अंडं दाखवा तरी, केवढं देतात ते."

मग आई घरी येऊन दाराआड मला सुई टोचायची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, अल्युमिनियमचं ते पातेलंही वेगळं, माळ्यावर लपवलेलं. टोचताना आई दुसरीकडे बघायची. तिला रक्ताची भीती होती असं ती सांगायची. मला वाटतं तिला माझी भीती होती.

आता सकाळच्या कोर्टाबद्दल सांगते.

रक्तातली साखर घरी बघायचं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांनी पाहिलंही नव्हतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी स्टोव्हवर तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, विटकरी झालं तर विचारू नका. हे काम आत्याने आपणहून घेतलं. चिमट्यात नळी धरून ती स्टोव्हपुढे बसायची, शेजारी अण्णा दाढी करत, आई भाकरी थापत, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. कोणी माझ्याकडे बघत नसे. सगळे नळीकडे बघत. रंग बदलायला लागला की मी भिंतीला आणखी चिकटायचे. निळं आलं की आत्या म्हणायची, "हां, काल शहाण्यासारखी वागली." हिरवं आलं की, "काय खाल्लंस?" मी काय खाल्लं हे मला विचारायची गरज नव्हती, माझं तोंड खोटं आणि नळी खरी.

आता मुलांच्या अशा भीतीला ताण म्हणतात. आमच्या गावात मध्यंतरी साखरेच्या आजाराच्या मुलांचं शिबिर झालं, तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि मला विचारलं, "तुम्ही तुमच्या वयात ताण कसा कमी केलात?" मी म्हटलं, "आमच्या वेळी त्याला नखरे म्हणायचे, आणि नखरे मार देऊन कमी करायचे." पालक हसले. मुलं हसली नाहीत. त्यांना बरोबर कळलं.

दहावीच्या वर्षी तीच नळी माझ्यावर उलटली.

महाशिवरात्रीला आत्याने राजगिऱ्याचे लाडू केले आणि पत्र्याच्या डब्यात भरून देवघराखाली ठेवले. मला अर्थातच नाही. मी वऱ्याच्या तांदळाचा भात आणि शेंगदाण्याची आमटी मोजून खाल्ली आणि भूमितीचं पुस्तक घेऊन बसले, कारण बोर्डाची परीक्षा अगदी तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी नळी पिवळी. त्याच्या दुसऱ्या दिवशी विटकरी. मग विटकरीच. रोज.

आत्याने डबा उघडला. डबा निम्मा रिकामा होता.

"घ्या," ती म्हणाली. "आता नळी खोटी व्हय?"

"मी नाही खाल्ले," मी म्हटलं.

"मग उंदरांनी झाकण लावून खाल्ले का?"

अण्णांच्या एका गालावर साबण होता. ते आरशातूनच म्हणाले, "खाल्ले असशील तर खाल्ले म्हण. विषय मिटला."

"पण मी खाल्लेच नाहीत."

"मग रंग कुठनं आला?"

तिथेच मी हरले. माणसाकडे कारण नसलं की त्याचं खरंही खोट्याच्या भावात जातं, हे मी त्या भिंतीला टेकून शिकले. डबा कोणी रिकामा केला ते मला माहीत होतं. दुपारच्या झोपेनंतर आत्याच्या पदराला राजगिरा चिकटलेला असायचा. मी ते बोलून दाखवलं तेव्हा अण्णांनी मला कानाखाली दिली. त्यांच्या थोरल्या बहिणीवर आळ घेते म्हणून.

मी जेवण निम्मं केलं. मग त्याच्याही निम्मं. तरी विटकरी. भूक इतकी लागायची की पुस्तकातली अक्षरं हलायची, आणि तहान अशी की वर्गात बसवायचं नाही. मुलींच्या संडासाची चावी बाईंकडे असायची. मी हात वर केला की बाई म्हणायच्या, "निघाली पुन्हा स्वारी! हिला परीक्षेला नळाखालीच बसवा रे." सगळा वर्ग खिदळायचा. मी सांगू शकत नव्हते. सांगायला गेले असते तर कोंबड्या मध्ये आल्या असत्या.

एक उपाय होता. लघवीत पाणी मिसळलं की रंग उतरतो, हे मला कधीच कळलं होतं. कुठल्याही पोराला कळेल. मी मिसळलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, रागाने. मला त्यांना माझ्या खऱ्या मालावर हरवायचं होतं. आत्याला मात्र तीच शंका, म्हणून ती मोरीच्या दाराशी उभी राहायला लागली. "आवाज येऊ दे," म्हणायची. सोळाव्या वर्षाच्या मुलीला.

त्या दिवसांत मला बाटलीतही काहीतरी दिसलं होतं. ते औषध दुधी असायचं, तळहातांमध्ये हळू फिरवलं की एकसारखं व्हायचं. आता फिरवलं तरी काचेला बारीक दाणे चिकटून राहत, फुटलेल्या दुधासारखे. मी आईला दाखवलं. आईने बाटली उजेडात धरली, अण्णांकडे बघितलं आणि खाली ठेवली. अण्णा म्हणाले, "आता औषधावर ढकल. उद्या म्हणशील नगरचा डॉक्टरच लाडू खातो."

मग पोटात दुखायला लागलं. उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरात चालायला लागला, धावून आल्यासारखा. आणि तोंडाला एक वास यायला लागला, पिकलेल्या पेरूसारखा. तो वास काय सांगतो ते आज मला झोपेतही कळेल. तेव्हा आत्याने माझी हनुवटी धरली, तोंड हुंगलं आणि विजयाने ओरडली, "पेरू! पेरू खाऊन आलीय ही! हुंगा, हुंगा तुमी बी!"

अण्णांनी हुंगलं. आईनेही हुंगलं. मी मरायला निघाले होते आणि माझ्या घरची तीन माणसं ओळीने माझं तोंड हुंगून चोरी सिद्ध करत होती. आयुष्यात मी कितीतरी हलकट गिऱ्हाइकं पाहिली, पण त्या सकाळइतका किळसवाणा सौदा पुन्हा पाहिला नाही.

अण्णांनी तिथेच निकाल दिला. परीक्षा बंद. मला मामाच्या वस्तीवर पाठवायचं. "तिथं ना दुकान, ना पेरूची बाग. बघू काय चोरते. आणि परीक्षेनंतर हिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आत्ताच बोलावून घेतो. हिचा भरवसा न्हाई, आहे तोवर उजवून टाकू." आई म्हणाली, "पोर आजारी दिसतीय हो." अण्णा म्हणाले, "चोरून खाल्ल्यावर माणूस आजारीच दिसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गल्लीतल्या कोणाच्या तरी मयतीला जावं लागलं. आत्याचे गुडघे धरले होते. बाटली आणायला मी गेले. भिंत धरत धरत गेले. रोजच्या वेळेच्या बरीच आधी गेले, कारण पाय कितपत साथ देतील याची खात्री नव्हती.

काकू ओट्यापाशी होत्या. "आज तू व्हय? अगं, अजून बाहेर काढून ठेवली न्हाई मी. थांब." त्यांनी फ्रीजचं दार उघडलं, वरचा बर्फाचा कप्पा उघडला, आणि चमच्याच्या मागच्या टोकाने खरवडून माझी बाटली बर्फातून उपटून काढली. कुल्फीच्या साच्यांच्या मधून. पांढरीफटक, दगड झालेली.

"वाटीत पाणी घेते, त्यात ठेवली की सुटती," काकू म्हणाल्या. "रोज तुझी आई यायच्या आदुगर मी असंच करती. तिला कशाला थांबायला लावा."

मी विचारलं, "कधीपासून बर्फात?"

"शिवरात्रीपासनं. लाईटीचा काय भरवसा हाय का आता? दिवस दिवस जाती. भाऊ सांगत हुता, मानमोडी रोगाची लस बर्फातच पाहिजे, न्हाईतर पाणी हुतं तिचं. म्हनलं वहिनी एवढ्या निगुतीनं करतात, त्यांच्या कोंबड्या मरायला नगं. चांगलं केलं ना?"

चांगलंच केलं होतं. काकूंनी त्यांना सांगितलेल्या गोष्टीप्रमाणे अगदी बरोबर केलं होतं. कोंबड्यांची लस असती तर ती वाचली असती.

मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्याबरोबर उलटीची उबळ. मी फ्रीजला धरून खाली बसले आणि म्हटलं, "काकू, आमच्या कोंबड्यांना काही झालेलं नाही. कोंबडी मीच आहे."

"आँ?"

"हे माझं औषध आहे. मला साखरेचा आजार आहे. दोन टाईम हे मलाच टोचतात. बर्फात ठेवलं की ते मरतं. शिवरात्रीपासून मला नुसतं पाणी टोचतायत."

काकूंच्या हातात चमचा तसाच. मग त्या जे म्हणाल्या ते मी विसरले नाही. "अगं पण मग वहिनी मला तसं का बोलल्या न्हाईत? मी काय खाल्लं असतं का तुला?"

आणि लगेच, मला कळायच्या आत, त्या अंगणात जाऊन मालकांना हाका मारायला लागल्या. "अवो, जीप काढा! शिटा भरायचं गेलं खड्ड्यात! पोरगी मरती हितं!" त्या आवाजाने गल्लीतली दारं उघडली. अडीच वर्षं जपलेलं अण्णांचं गुपित काकूंनी एका दमात चौकापर्यंत पोचवलं. मी काकूंची उपकृत आहे आणि तरी सांगते, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या रोगाच्या सतरा तऱ्हा गावात फिरत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या काकूंनीच सोडलेल्या होत्या. चांगली माणसंही फुकट काही देत नाहीत.

अण्णा धोतराचा सोगा सावरत आले. माझ्याकडे नाही, आधी गल्लीकडे बघितलं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "घरात चल. घरात बोलू."

मी म्हटलं, "घरात येणार नाही. नगरला न्या. आत्ता."

"लोक बघतायत."

"बघू द्या. नेत नसाल तर कोंबड्यांची गोष्ट इथूनच सांगते, पहिल्यापासून. आणि लाडवांचीही."

ही माझी पहिली घासाघीस. बसलेल्या जागेवरून उठता येत नव्हतं, जीभ टाळ्याला चिकटत होती, आणि तरी समोरच्या माणसाला सगळ्यात जास्त कशाची भीती आहे हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या मरणाची नव्हती. ते एकदा दिसलं की भाव ठरवणं सोपं असतं. अण्णा जीपमध्ये चढले.

नगरला पोचेपर्यंतचं मला फारसं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा तेच डॉक्टर उशाशी होते आणि अण्णा भिंतीजवळ, हात पुढे बांधून, कचेरीत साहेबापुढे उभे राहतात तसे.

"औषध कुठे ठेवत होतात?"

"फ्रीजमध्येच साहेब. तुमी सांगितलं तसं. घरचाच हाय फ्रीज."

तिथेही. मुलगी सलाईनवर आणि तिथेही.

"शेजारच्यांच्या बर्फात," मी म्हटलं. "कोंबड्यांची लस म्हणून."

डॉक्टरांनी मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. दाण्यांचं, पेरूच्या वासाचं. ते माझ्याशी बोलत होते, नळीशी नाही. अडीच वर्षांत तसं पहिल्यांदा कोणी बोललं. मग ते अण्णांना म्हणाले, "हिने एक लाडू काय, काहीही खाल्लेलं नसताना हे असंच झालं असतं. तो वास पेरूचा नव्हता. अजून एक दिवस उशीर केला असतात तर तुम्ही इथे आला नसतात, हिला घेऊन दुसरीकडे गेला असतात. मी माठ सांगितला होता ना?"

"व्हय साहेब."

"मग?"

बापाला गप्प बसलेलं बघून मुलीला वाईट वाटतं म्हणे. मला झोप छान लागली.

दवाखान्यातल्या त्या दिवसांत मी माझ्या अटी घातल्या. परीक्षेला बसणार. बाटली माझ्याजवळ राहील, माझ्या माठात, दारात, सगळ्यांना दिसेल अशी. सुई माझी मी टोचणार. नळी माझी मी तापवणार, आत्याने स्टोव्हपाशी बसायचं नाही. अण्णा प्रत्येकाला "बरं" म्हणत गेले. इतक्या झटपट "बरं" मिळाल्यावर मला कळायला हवं होतं की खरा सौदा पुढे आहे.

"आणि घरी गेल्यावर आत्यासमोर म्हणायचं की लाडू मी खाल्ले नव्हते."

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. "ते सोड आता. झालं गेलं."

"एवढंच म्हणायचंय."

"मोठी हाय ती. तिला काय वाटंल?"

मी खूप ओढून धरलं. रडले, चिडले, जेवणाचं ताट सारलं. सगळं दिलं त्यांनी, ते एक वाक्य दिलं नाही. परीक्षा जवळ होती म्हणून मी बाकीचं उचललं आणि निघाले. दुसऱ्या श्रेणीत पास झाले. भूमितीने घात केला. कोन काढताना साखर उतरून अंगाला कापरं भरायचं आणि खिशातली साखर बाहेर काढली की पर्यवेक्षक डोळे वटारायचे. त्याच वर्गाच्या खिडकीतून पोरांना पानंच्या पानं उत्तरं पोचत होती, तिकडे त्यांची मान वळत नव्हती.

पाहुणे आलेच नाहीत. त्यांना कोंबड्यांची बातमी आधी पोचली होती. अण्णांनी पंधरवडाभर सुतक पाळल्यासारखं तोंड केलं. आत्याने खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून शिजवल्या. गुडघे त्यासाठी बरे झाले. पुढे लग्नाच्या बोलणीत मी चहाच्या कपाशेजारी माझी बाटली ठेवायचे आणि सांगायचे, आधी हे बघा. बरेचजण कप अर्धा ठेवून उठले. एक बसून राहिला, म्हणाला, "चहा थंड होतोय." त्याच्याशी मी संसार केला. दुकान मात्र मी उभं केलं, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मोड गोळा करण्यापासून.

आत्या गेली. शेवटपर्यंत तिने पदर झटकला नाही.

अण्णा आता थकलेत. बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसतात, चहा पितात आणि गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीत तेच जीप बोलावतात. तेच मला उचलून नगरला नेतात. ऐकणारे म्हणतात, "बाप असावा तर असा." मी तराजूकडे बघत राहते. तेवढं मी सोडून देते. म्हाताऱ्या माणसाला बसायला काहीतरी लागतं.

पण मागच्या शिवरात्रीच्या बाजारात एका मोठ्या गिऱ्हाइकाशी माझं बोलणं चाललं होतं. लग्नाची सगळी भांडी, हंडे, पराती, पिंप, सगळं एकदम. भाव जुळत आला होता. त्याने माझ्यासाठीही चहा मागवला. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "तिच्या चहात साखर नगं बरं का. तिला चालत न्हाई." आणि मग हसून, लाडाने, "लहानपणी मात्र लाडू चोरून खायची हो. लई द्वाड. मरता मरता वाचली."

गिऱ्हाईक हसलं. "असं का बाई?" म्हणालं.

मी परात त्याच्या हातातून काढून घेतली. "तुम्हाला नाही विकायची," म्हटलं. त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. तो वाढवायला तयार झाला. मी म्हटलं, "दुसरीकडे बघा." तो शिव्या देत गेला. दुकानातला पोरगा, माझा नवरा, समोरचा कापडवाला, सगळे माझ्याकडे बघत होते. इतका मोठा सौदा मी आधी कधी हातचा घालवला नव्हता आणि पुढेही घालवणार नाही.

अण्णांना कळलं. कान गेलेत, पण ते कळलं. चहावर साय धरली.

"काय बोलू म्हणतीस?" शेवटी म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे."

"अगं, ती गेली. आता कुणासमोर बोलू?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "माझ्यासमोर बोला."

त्यांचे ओठ हलले. मी वाट बघितली. बाजार जोरात होता, दोन गिऱ्हाइकं येऊन ताटकळून गेली, मी उठले नाही. मग ते म्हणाले, "घरी राजगिरा हाय का तुमच्याकडं? तुझ्या आईनं मागितलाय."

मी उठले आणि पितळेचा हंडा फडक्याने पुसायला घेतला. पुढच्या बाजाराला ते परत येतील. खुर्ची तिथेच असेल. माझा भाव बदललेला नाही, आणि तो कमी होणार नाही.